मोटार जळण्यापूर्वी जोड तपासा : गावोगावी अल्परोध मापक का हवा?

विहिरीवरील मोटार हे आज बागायती शेतीचे हृदय होय, असे म्हणावयास हरकत नाही. मोट व रहाट मागे पडून कित्येक वर्षे झाली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाल्यानंतर विजेच्या तारा एका गावामागून दुसऱ्या गावात पोहोचल्या आणि बैलांच्या खांद्यावरचा भार विजेच्या पंपाने उचलला. परंतु बैल आजारी पडला तर तो शेतकऱ्यास कळे. तो वैरण टाकी, रवंथ सोडी, कान पाडी. मोटारीचे तसे नाही. ती कुरकुर न करता चालत राहते आणि एके दिवशी एकाएकी बंद पडते. मग आपण म्हणतो, "मोटार जळाली."

वस्तुतः मोटार एकाएकी जळत नाही. पुष्कळ वेळा तिच्या जळण्याची तयारी कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने चाललेली असते; आणि ती मोटारीच्या पोटात नव्हे, तर मेन स्विच, फ्यूज, स्टार्टर व केबल यांच्या जोडांत चाललेली असते. हे सैल पडलेले, गंजलेले वा काळे पडलेले जोड वेळीच ओळखता येतील असे एक लहानसे, हातात नेण्याजोगे यंत्र उपलब्ध आहे. त्यास अल्परोध मापक म्हणावे. कारागीर मंडळी त्यास मायक्रो-ओहममीटर म्हणतात. हे यंत्र मोठ्या वीजकेंद्रांत व कारखान्यांत नित्य वापरले जाते. ते विहिरीच्या काठापर्यंत पोहोचलेले नाही. ते पोहोचले पाहिजे, आणि एकेका शेतकऱ्याने विकत घेऊन नव्हे तर गावाने मिळून पोहोचविले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे मांडीत आहे.

हा विषय शेतीचाच आहे

काही वाचक म्हणतील की, विजेच्या जोडांची चर्चा शेतीच्या पत्रिकेत कशासाठी? हा विषय वीज कंपनीचा अथवा वायरमनचा आहे. परंतु असे म्हणणाऱ्याने गव्हाच्या पिकाकडे पाहावे. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हास मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट भरून निघत नाही. दाण्यात चीक भरताना पाणी चुकले तर दाणा बारीक राहतो. भुईमुगास आऱ्या सुटण्याच्या वेळी, हरभऱ्यास घाटे भरण्याच्या वेळी अशीच निकड असते. अशा ऐन वेळी मोटार जळाली म्हणजे काय होते, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. साखळी-कप्पी लावून मोटार वर काढावयाची, तालुक्याच्या गावी भरावयास न्यावयाची, कारागिराकडे दहा मोटारी आधीच रांगेत असावयाच्या, आणि ती परत येईपर्यंत चार-सहा दिवस निघून जावयाचे. भरणावळीचे पैसे दिसतात. पिकाची तूट दिसत नाही, ती सुगीच्या वेळी खळ्यावर दिसते.

२०२४ साली राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल माफ करण्याची योजना सुरू केली. शेतकऱ्यास त्यामुळे दिलासा मिळाला हे खरे. परंतु वीजबिल माफ झाले तरी जळालेली मोटार माफ होत नाही, आणि चुकलेली पाळी तर कोणतेही शासन परत देऊ शकत नाही. तेव्हा बी-बियाणे, खते व औषधे यांची आपण जेवढी चिंता वाहतो तेवढीच चिंता पाणी उपसणाऱ्या यंत्राच्या प्रकृतीची वाहिली पाहिजे.

जोड बिघडतो म्हणजे काय होते?

विजेच्या प्रवाहास तारेत जो अडथळा होतो त्यास रोध म्हणतात व तो ओहम या एककात मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली यासंबंधीचा आपला नियम प्रसिद्ध केला. त्याचेच नाव या एककास दिलेले आहे. पाटाच्या पाण्यास जसा गवताने वा गाळाने अडथळा होतो, तसाच विजेस सैल जोडाने होतो. मात्र एक फरक आहे. गाळात अडलेले पाणी नुसते तुंबते. अडलेली वीज त्या जागी उष्णता निर्माण करते.

ही उष्णता किती? प्रवाहाच्या वर्गास रोधाने गुणले की ती वॉटमध्ये मिळते. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेते असे धरू. एखाद्या जोडात अर्ध्या ओहमच्याही आत, म्हणजे ०.४ ओहम इतका रोध उत्पन्न झाला, तर त्या एका जोडात ८ × ८ × ०.४ म्हणजे सुमारे २५ वॉट उष्णता निर्माण होईल. रेडिओ दुरुस्त करणाराचा लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो, आणि तो शिसे-कथलाचा डाख वितळवितो. तोच आयर्न आपण फ्यूजच्या खाचेत अथवा चिकटपट्टीने गुंडाळलेल्या जोडात रोज आठ तास ठेवून दिला आहे, असे समजावे. रोध एक ओहमवर गेला की उष्णता ६४ वॉटवर जाते.

उष्णतेने धातूवर गंज अधिक चढतो. गंज चढला की रोध वाढतो. रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही. त्या एका फेजमधील विद्युत् दाब उतरतो आणि तिन्ही फेजमधील समतोल बिघडतो. दाबात एक टक्का असमतोल झाला तर मोटारीच्या प्रवाहात सहा ते दहा टक्के असमतोल होऊ शकतो, आणि त्याने वाइंडिंग तापते. शेवटी जोड पुरता तुटला म्हणजे मोटार दोन फेजवर चालू राहण्याचा प्रयत्न करते. तेवढाच भार ओढावयाचा तर उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. संरक्षक रिले नीट नसेल, किंवा कोणी "सारखी ट्रिप होते" म्हणून तो बगल देऊन काढून टाकला असेल, तर मोटार काही मिनिटांतच निकामी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अशी जळालेली मोटार भरून आणली आणि त्याच जोडावर पुन्हा लावली, तर ती पुन्हा जळणारच. एकाच हंगामात दोनदा-तीनदा मोटार भरून आणल्याचे प्रसंग दौऱ्यात कानी येतात. शेतकरी कारागिरास दोष देतो, कारागीर विजेच्या दाबास दोष देतो, आणि खरा दोषी जोड मेन स्विचच्या झाकणाआड निवांत बसलेला असतो.

जोड बिघडण्याची कारणे आपल्या डोळ्यांसमोरच असतात. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेस नुसती पिळून जोडली तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये क्षरण सुरू होते. ॲल्युमिनियमवर हवेतच एक पातळ थर बसतो व तो वीज जाऊ देत नाही. शिवाय तो धातू मऊ असल्यामुळे स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतो आणि घट्ट बसविलेला स्क्रू काही महिन्यांत सैल पडतो. फ्यूजच्या किटकॅटची पाती ढिली होतात. स्टार्टरचे काँटॅक्ट ठिणग्यांनी खडबडीत होतात. स्टार्टरच्या पेटीत मुंग्या, पाली व गांधीलमाश्या वस्ती करतात. पावसाळ्याचे चार महिने ही पेटी ओल पीत असते. यांपैकी एकही गोष्ट अपूर्व नाही. अपूर्व आहे ते आपले दुर्लक्ष.

साध्या मल्टिमीटरने हे काम का होत नाही?

पुष्कळ वायरमनांजवळ मल्टिमीटर असतो, आणि तो असलाच पाहिजे. परंतु चांगल्या जोडाचा रोध किती सूक्ष्म असतो हे पाहा. जाणकारांचा एक साधा नियम असा की, चांगल्या जोडाचा रोध तेवढ्याच लांबीच्या अखंड तारेच्या रोधापेक्षा अधिक असू नये. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचीक केबलचा रोध दर किलोमीटरला सुमारे ५ ओहम असतो. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या जोडाचा रोध अर्धा मिलिओहम, अर्थात एका ओहमचा दोन हजारावा भाग, इतकाच भरावयास हवा. साध्या मल्टिमीटरची दोन टोके एकमेकांस लावली तरी तो त्यांच्या वायरींचाच रोध दोन-चार दशांश ओहम दाखवितो. मग त्यात अर्धा मिलिओहम कोठे शोधावयाचा? नाकातील नथ तोलावयाची, तीही धान्याच्या काट्यावर, आणि तीही पोत्यासकट, असा हा प्रकार आहे.

अल्परोध मापकात ही अडचण मोठ्या युक्तीने दूर केलेली आहे. त्यास दोन नव्हे, चार वायरी असतात. बाहेरच्या दोन वायरींतून यंत्र जोडात ज्ञात प्रवाह सोडते. हा प्रवाह बहुधा एक ते दहा अँपिअर असतो. आतल्या दोन वायरी जोडाच्या दोन्ही बाजूंस प्रत्यक्ष किती दाब उतरला तेवढेच मोजतात. या मोजणाऱ्या वायरींतून जवळजवळ प्रवाहच वाहत नसल्यामुळे त्यांचा स्वतःचा रोध हिशेबात येत नाही. पोत्याचे वजन आपोआप वजा होते आणि नथेचे तेवढे उरते. या चार टोकांच्या पद्धतीचा पाया एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्व्हिन यांनी घातला. इंग्लंडमध्ये एव्हर्शेड अँड व्हिग्नोल्स या कंपनीने १९०८ साली 'डक्टर' नावाचा असा मापक तयार केला. म्हणजे ही विद्या शतकाहून जुनी आहे. आज ते यंत्र बॅटरीवर चालते आणि खांद्यावरच्या पिशवीतून नेता येते.

आणखी दोन यंत्रांशी याची गल्लत होऊ देऊ नये. मेगर हे यंत्र वायरीवरील विसंवाहक आवरण शाबूत आहे की नाही, म्हणजे वीज बाहेर पाझरते काय, हे पाहते. भूसंपर्क मापक हा जमिनीत पुरलेल्या अर्थिंगचा मातीशी संबंध किती चांगला आहे ते मोजतो. अल्परोध मापक हा विजेच्या वाटेत अडथळा आहे काय, हे सांगतो. वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो आणि डोळेही पाहतो. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

तपासणी कशी करावी?

प्रथम सुरक्षितता. हे काम परवानाधारक तारतंत्री अथवा वीजतंत्री यानेच करावयाचे आहे. शेतकऱ्याने शेजारी उभे राहून नोंद ठेवावयाची आहे. हा मापक वीज चालू असताना कधीही लावावयाचा नाही. मेन स्विच बंद करावा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत, आणि टेस्टरने व दिव्याने वीज नाही याची खात्री करावी. भारनियमनामुळे वीज गेली आहे, तेवढ्यात काम उरकून घेऊ, असा विचार कोणी करू नये. विशेषतः जेथे ऑटो स्विच बसविला आहे तेथे वीज येताच मोटार आपोआप सुरू होते, आणि तारेवर हात असणाऱ्याचा जीव जातो. कपॅसिटर बसविला असल्यास तो सोडवून त्यातील साठलेली वीज प्रथम निचरून टाकावी. खांबावरील व डीपीवरील जोड वीज कंपनीचे आहेत. तेथे संशय आल्यास कंपनीस लेखी कळवावे, स्वतः खांबावर चढू नये.

दुसरी पायरी तीन फेजांच्या तुलनेची. स्टार्टरकडून मोटारीकडे जाणाऱ्या तीन वायरी सोडवाव्यात. त्यांस र, य, ब अशी नावे देऊ. र-य, य-ब व ब-र अशा तीन जोड्यांमधील रोध मोजावा. मोटारीच्या वाइंडिंगसाठी यंत्राची कमी प्रवाहाची पट्टी वापरावी. आकडा प्रथम हलतो. तो स्थिर होईपर्यंत थांबावे आणि यंत्राने प्रवाह बंद केल्याखेरीज चिमटे काढू नयेत, कारण वाइंडिंगमध्ये साठलेली शक्ती एकदम सुटली तर झटका बसतो.

समजा, तिन्ही जोड्यांचा रोध ३.६० ओहमच्या आसपास आला. मोटार व केबल दोन्ही ठीक आहेत. आता समजा, र-य ४.००, ब-र ४.०० आणि य-ब ३.६० असे आकडे आले. जे दोन आकडे अधिक आहेत त्या दोहोंत समान अक्षर कोणते? र. म्हणजे र या तारेच्या वाटेत ०.४ ओहमचा अडथळा आहे. उलट, तीन वायरींच्या मोटारीत एखादा आकडा इतरांहून बराच कमी आला, तर वाइंडिंगचे काही वेढे एकमेकांस चिकटले असण्याचा संभव असतो आणि मोटार कारागिरास दाखविणे इष्ट होय. निरोगी मोटारीतही तीन आकड्यांत एक-दोन टक्के फरक असू शकतो. त्याने घाबरून जाऊ नये. पाच टक्क्यांहून अधिक फरक दिसला तर मात्र दोष सापडेपर्यंत मोटार सुरू करू नये हे उत्तम.

तिसरी पायरी प्रत्यक्ष जोडांची. वरील तुलनेत मोठा दोष दिसतो, पण कोवळा दोष दिसत नाही. त्यासाठी मेन स्विचची पाती, फ्यूजच्या खाचा, स्टार्टरचे टर्मिनल व जमिनीवरील केबलचा प्रत्येक जोड स्वतंत्रपणे, अधिक प्रवाहाची पट्टी लावून मोजावा. स्टार्टरचे काँटॅक्ट मोजताना, वीज पूर्णपणे तोडलेली असताना, काँटॅक्टर हाताने दाबून धरावा लागतो. तिन्ही काँटॅक्टचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक जरी इतरांहून कित्येक पट असेल तर तोच रोगी समजावा. चांदीमिश्रित काँटॅक्ट कानसीने किंवा पॉलिश पेपरने घासण्याची चाल फार वाईट आहे. त्याने चांदी निघून जाते व रोग बळावतो. तो संच बदलावा हेच श्रेयस्कर. आकडा फारच सूक्ष्म असेल तर प्रवाहाची दिशा उलटी करून पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी; दोन भिन्न धातूंच्या उष्णतेने होणारी चूक त्यामुळे निघून जाते.

पाणबुडी मोटारीचा केबल-जोड पाण्याखाली जातो. तो जोड मोटार विहिरीत अथवा बोअरमध्ये सोडण्यापूर्वीच तपासला पाहिजे. योग्य मापाच्या फेरूलने दाबून जोड करावा, अल्परोध मापकाने मोजावा, मग त्यावर आवरण चढवावे, आणि तो जोड बादलीभर पाण्यात बुडवून मेगरने पाहावा. या कामास अर्धा तास लागतो. मोटार पुन्हा वर काढावयास चार माणसांचा एक दिवस जातो.

चौथी पायरी अर्थिंगची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. कारण येथे प्रश्न मोटारीचा नसून माणसाचा आहे. मोटारीच्या व स्टार्टरच्या लोखंडी पेटीपासून जमिनीतील अर्थिंगपर्यंत जाणारी तार अखंड आहे काय? तिचा नटबोल्ट गंजून नुसता टेकलेला तर नाही? डोळ्यास तार दिसते, पण गंजाखाली ती विजेपुरती तुटलेली असते. रात्रीच्या पाळीस चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात अशा पेटीस लागला, आणि त्याच वेळी पेटीत वीज उतरली, तर ती वीज गंजलेल्या तारेऐवजी त्याच्या देहातून जमिनीत जाते. अल्परोध मापक पेटी व अर्थिंग यांच्यामध्ये लावला की हा छुपा तुटवडा लगेच उघडकीस येतो. मातीशी असलेला संबंध मात्र भूसंपर्क मापकानेच पाहावा लागतो, हे विसरू नये.

नोंदवहीचे महत्त्व

एक वेळ मोजलेला आकडा उपयोगी आहे; पण वर्षानुवर्षे मोजलेले आकडे अमोल आहेत. २०१५ पासून आपण जमिनीची आरोग्य पत्रिका ठेवू लागलो. तशीच प्रत्येक मोटारीची एक पत्रिका असावी. तीत तारीख, मोटारीची अश्वशक्ती, केबलची जाडी व लांबी, तीन जोड्यांचे आकडे, आणि प्रत्येक मुख्य जोडाचा आकडा लिहावा. मोजणी सकाळी, मोटार रात्रभर बंद असताना करावी. कारण तांब्याचे तापमान दहा अंशांनी वाढले तर त्याचा रोध सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. सकाळच्या आकड्याची तुलना दुपारी उन्हात तापलेल्या केबलच्या आकड्याशी केली तर भलताच निष्कर्ष निघेल.

या पत्रिकेचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो शेतकऱ्याच्या खिशाशी निगडित आहे. मोटार भरून आली की तिचे तीन आकडे पुन्हा मोजून पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार वापरली असेल तर तेवढ्याच जाडीला रोध सुमारे दीडपटीहून अधिक भरतो. ठरल्याहून बारीक तार वापरली असेल तरीही तो वाढतो. वार्निशाखाली दडलेली तार डोळ्यास दिसत नाही, पण मापकापुढे ती लपत नाही. सर्वच कारागिरांकडे संशयाने पाहावे असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रामाणिक कारागिरास तर हा मापक साक्षीदारच आहे. म्हणून माझी सूचना अशी की, भरणावळीच्या पावतीवर तिन्ही आकडे लिहून देण्याची प्रथा शेतकऱ्यांनी आग्रहाने पाडावी.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप किमतीचा. चांगल्या अल्परोध मापकाची किंमत एका मोटारीच्या भरणावळीपेक्षा पुष्कळ अधिक असते. हे खरे आहे, आणि म्हणूनच एकेका शेतकऱ्याने तो विकत घ्यावा असे मी म्हणत नाही. वर्षातून दोन दिवस लागणारी वस्तू घरोघरी कशास हवी? ती विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेने, शेतकरी उत्पादक कंपनीने, उपसा जलसिंचन संस्थेने किंवा गावच्या अवजारे बँकेने घ्यावी. पाच-सहा गावांत एक यंत्र पुरे. पेरणीयंत्र जसे भाड्याने फिरते तसे हे फिरावे आणि दर मोटारीमागे माफक आकार घ्यावा. महाराष्ट्रास सहकाराची परंपरा शिकवावयास नको. उसाचा कारखाना जो समाज सहकाराने उभारतो, त्यास एक मापक जड नाही.

दुसरा आक्षेप असा की, आमचा वायरमन हाताने स्पर्श करूनच जोड गरम आहे की नाही हे सांगतो. अनुभवाचा मान ठेवलाच पाहिजे. परंतु जोड हातास गरम लागतो तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. आणि जोड गरम आहे की नाही हे पाहावयास तो नुकताच विजेखाली असावा लागतो, म्हणजे परीक्षा करणाराचाच जीव धोक्यात. पाण्याखालील जोडास तर हात लावताच येत नाही.

तिसरा आक्षेप असा की, आता सौर पंप येत आहेत, मग हे कशास? सौर पंपातही जोड असतातच, आणि पॅनेलपासून पंपापर्यंत ते कमी नसतात. तेथेही सैल जोड तापतो व पाणी घटते. एवढेच की, ऊन असेपर्यंत पॅनेल वीज देतच राहते, त्यास रात्रीखेरीज विश्रांती नाही. म्हणून तेथील तपासणी त्या कामाची माहिती असलेल्या तंत्रज्ञानेच, जोडणी पूर्णपणे विलग करून करावी.

या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विहिरीचे पाणी आटून पंप कोरडा चालला, विजेचा दाबच कमी असला, बेअरिंग झिजले, अथवा पाणबुडी मोटारीत पाणी शिरले, तर अल्परोध मापक ते टाळू शकत नाही. त्यासाठी त्या त्या उपायांचीच गरज आहे. जो मनुष्य एकाच यंत्राने सारे रोग बरे करावयास निघतो त्याच्यापासून शेतकऱ्याने दूर राहावे. माझे म्हणणे इतकेच की, जोडांचा रोग हा सर्वांत स्वस्तात बरा होणारा आहे. एक स्क्रू आवळणे, एक फेरूल बदलणे, एक फ्यूज-होल्डर नवा घालणे, एवढाच त्याचा औषधोपचार. अडचण औषधाची नाही, निदानाची आहे.

काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा पुढील चार कामे हाती घ्यावीत. गावातील सेवा संस्थेच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेत हा विषय मांडून यंत्र घेण्याचा ठराव करून घ्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून तारतंत्री अथवा वीजतंत्री झालेल्या व परवाना असलेल्या गावच्या तरुणांची यादी करावी. यंत्र त्यांच्याच हाती द्यावे, म्हणजे त्यांस गावातच काम मिळेल. वर्षातून दोनदा, पावसाळा ओसरल्यावर रब्बीच्या पेरणीपूर्वी आणि उन्हाळी पाळ्या सुरू होण्यापूर्वी, वस्तीवार तपासणीचे दिवस ठरवावेत. आणि प्रत्येक मोटारीची पत्रिका सुरू करून ती शेतकऱ्याच्या घरी, सातबाराच्या उताऱ्याजवळ, जपून ठेवावयास सांगावे.

यंत्र येईपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. वीज तोडून पेटीची सफाई, स्क्रूंची आवळणी, पिळलेल्या जोडांच्या जागी योग्य फेरूल, ॲल्युमिनियम व तांबे यांच्यामध्ये द्विधातू लग आणि अर्थिंगच्या बोल्टची सफाई, ही कामे परवानाधारक वायरमनकडून आजच करून घेता येतात. मात्र केलेले काम खरोखर साधले की नाही हे शेवटी मापकच सांगेल. डोळा सांगणार नाही.

आपले वाडवडील पेरणीपूर्वी मोटेचा नाडा, सोंदूर व चाकाचा कणा तपासून पाहात. कारण नाडा भर पाण्यात तुटला तर मोट विहिरीत जाई, हे त्यांस ठाऊक होते. आजचा नाडा तांब्याचा आहे आणि त्याची झीज डोळ्यास दिसत नाही. ती दाखविणारे साधन उपलब्ध आहे. ते गावात आणणे व नेमाने वापरणे हे आता आपल्या हाती आहे.